नागपूरहून विमानाने किती अंतर, किती वेळ? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी घर ते घर हिशेब

बाबांना पहिल्यांदा विमानाने पुण्याला नेलं तेव्हा मी धाकट्या भावाला फोनवर मोठ्या थाटात सांगितलं, "पाऊण तासाचं विमान आहे रे. सहाला सुटतं, पावणेसातला लोहगावला येऊन उभा राहा." हा पाऊण तास मी दोन शहरांमधलं अंतर सांगणाऱ्या एका साइटवरून उचलला होता. भाऊ बिचारा संध्याकाळच्या गर्दीतून कोथरूडहून धावत आला आणि पावणेसातला दारात उभा राहिला. आम्ही बॅगा घेऊन बाहेर आलो तेव्हा आठला दहा कमी होते. तो एवढंच म्हणाला, "ताई, तू गणित शिकवते न शाळेत?"

विमान वेळेवरच उतरलं होतं. चूक माझी होती. साइटवरचा आकडाही खोटा नव्हता, फक्त तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता. त्यानंतर आमच्या घरातलं, गल्लीतलं, शाळेतलं कोणीही पहिल्यांदा विमानाने निघालं की हा हिशेब मीच करून देते. तोच इथे लिहिते आहे. उदाहरणं सगळी नागपूरची आहेत, पण रीत कुठल्याही दोन शहरांना चालेल.

जवळ काय काय हवं

विमानतळाचं तीन अक्षरी कोड, फोनवर नकाशा, कॅल्क्युलेटर (खरं तर पाढे आले तरी पुरे) आणि तिकिटाची पीडीएफ. विमानाचा माग दाखवणारं फ्लाइटरडार ट्वेंटीफोरसारखं एखादं अ‍ॅप असेल तर उत्तम, फुकटातलं पुरतं. ओळखपत्रांचं पुढे सांगते.

१. आधी ठरवा, कोणतं अंतर हवंय

नागपूर ते पुणे किती किलोमीटर? रस्त्याने जाणारा ट्रॅव्हल्सवाला सांगेल सातशेच्या वर. अजनी (नागपूरचंच एक स्टेशन)–पुणे वंदे भारत ८८१ किलोमीटर धावते आणि त्याला बारा तास घेते. हवेतून सरळ रेषेत हेच अंतर ६०५ किलोमीटर भरतं. तिन्ही आकडे बरोबर आहेत. रेल्वे भुसावळ-मनमाडकडून वळसा घेते, म्हणून तिचा आकडा एवढा फुगतो.

मुंबईचं उलट आहे. समृद्धी महामार्ग नागपूरच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटरचा आहे, आणि नागपूर ते मुंबई विमानतळ हवाई अंतर सुमारे ६८५. म्हणजे रस्ता जवळजवळ विमानाइतकाच सरळ. "विमानाने अंतर निम्मं होतं" असं कोणी सांगितलं तर मानू नका. अंतर थोडंच वाचतं, वाचतो तो वेळ.

एककाचाही एक सापळा आहे. काही साइटी एकाच मार्गाचं अंतर तीन तऱ्हेने दाखवतात: ६०५ किलोमीटर, ३७६ मैल, ३२७ नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिक आणि हवाई वाहतूकवाले याच मैलात बोलतात. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी ३२७ वाचून "पुणं तर अकोल्याच्या जरा पुढेच निघालं" असा शोध लावला होता.

२. शहर नको, विमानतळ धरा

साइटवर नुसतं "नागपूर" टाकलं तर बहुतेकदा शहराच्या मध्यावरचा बिंदू धरला जातो. आपला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सोनेगावला आहे, झिरो माइलच्या खांबापासून सरळ रेषेत सातेक किलोमीटरवर. एवढ्याने हवाई अंतरात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो चुकीचं शहर निवडलं तर.

म्हणून कोडच टाका. नागपूर एनएजी, पुणे पीएनक्यू, दिल्ली डीईएल, हैदराबाद एचवायडी, बंगळुरू बीएलआर. नुसतं "हैदराबाद" टाकलं आणि यादीतलं पहिलं नाव डोळे मिटून दाबलं तर पाकिस्तानातलं हैदराबादही निघू शकतं. माझ्या भाचीला एकदा असंच हैदराबाद हजार किलोमीटरच्या पार दिसलं आणि तिने घाबरून मला फोन लावला.

मुंबईच्या बाबतीत तर आता डोळ्यांत तेल घालून बघा. डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. जुन्याचं कोड बीओएम, नव्याचं एनएमआय. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून नवी मुंबईचं काढलं आणि काका राहतात बोरिवलीला, तर जे वाचलं ते टॅक्सीत गेलं. पनवेल, खारघर, वाशीला जायचं असेल तर मात्र तेच सोयीचं.

३. अंतर स्वतः मोजून बघा

ही पायरी वगळली तरी काम अडत नाही. पण एकदा करून बघा, मजा येते. माझ्या नववीच्या मुलांना मी पायथागोरसचा सिद्धांत याच उदाहरणाने शिकवते.

नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर अक्षांश, ७९.०५ पूर्व रेखांशावर आहे. पुणे विमानतळ १८.५८ आणि ७३.९२ वर. नकाशावर त्या जागेवर बोट दाबून धरलं की हे आकडे दिसतात.

अक्षांशांतला फरक २.५१ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २७९ किलोमीटर.

रेखांशांतला फरक ५.१३ अंश. इथे पुन्हा १११ने गुणू नका! रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींच्या जवळ येत जातात. आपल्या भागात, म्हणजे २० अंशांच्या आसपास, रेखांशाचा एक अंश साधारण १०४.६ किलोमीटरचा. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर ५३७ किलोमीटर.

आता काटकोन त्रिकोण. २७९चा वर्ग ७७,८४१, ५३७चा वर्ग २,८८,३६९, बेरीज ३,६६,२१०. वर्गमूळ ६०५. झालं पुणं.

नकाशावर या दोन बिंदूंमध्ये रेघ ओढली तर ती वाशीमवरून जाते आणि पुढे जालना-बीडच्या मधून निघते. देशातल्या अंतरांना हा शाळकरी हिशेब पुरतो. दुबई-लंडनकडे जायचं असेल तर पृथ्वीची गोलाई धरावी लागते, तिथे साइटचाच आकडा घ्या.

याच पद्धतीने काढलेली नागपूरहून काही अंतरं (थोडी पूर्णांकात केलेली):

हैदराबाद ४३० किमी
पुणे ६०५ किमी
मुंबई ६८५ किमी
दिल्ली ८५० किमी
बंगळुरू ८८५ किमी
चेन्नई ९०५ किमी
कोलकाता ९८५ किमी

यातली चार महानगरं बघा. सगळी साडेसहाशे ते हजारच्या आत, चारी दिशांना. म्हणूनच १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा तिचा मेळ नागपूरला बसवला होता. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला भेटायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि जो तो आपापल्या गावी परत. आपण देशाच्या मध्यावर आहोत याचा अभिमान आपण उगाच मिरवत नाही, बाप्पा!

४. अंतरावरून वेळ काढा

पहिल्यांदा जाणाऱ्यांचा घोळ इथेच होतो, माझाही इथेच झाला.

एअरबस ए३२० जातीचं विमान वर गेल्यावर ताशी सव्वाआठशे-साडेआठशेच्या आसपास धावतं. आपण ८०० धरू. सोपी युक्ती: अंतराला दहाने भागा आणि त्याची पाऊणपट करा, तेवढी मिनिटं. पुण्याचं ६०, साठाची पाऊणपट पंचेचाळीस. जुन्या लोकांना पाऊणकी पाठ असायची, त्यांना बोटंही मोडावी लागायची नाहीत.

हा माझा तो पाऊण तास! पण विमान जमिनीवरून सुटल्या क्षणी आठशेच्या वेगात नसतं. ते जागेवरून मागे ढकललं जातं, धावपट्टीच्या टोकापर्यंत रमत-गमत जातं, कधी रांगेत थांबतं, मग चढतं. उतरायच्या आधी वेग कमी करतं, धावपट्टीच्या दिशेला लागायला वळसा घेतं. वाटेतही ते आपल्या पेन्सिलीच्या रेघेवरून जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गांवरून जातं. या सगळ्याचे मिळून सरसकट ३० मिनिटं वर टाका.

पुणे: ४५ + ३०, सव्वा तास. मुंबई: ५१ + ३०, एक तास वीस. दिल्ली: ६४ + ३०, दीड तासाच्या वर. कोलकाता: ७४ + ३०, पावणेदोन तास.

मुंबई-दिल्लीला आणखी दहा-पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. तिथे आकाशातही ट्रॅफिक जाम लागतो, विमान घिरट्या घालत बसतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला सकाळी धुकं असेल तर कुठलाच हिशेब चालत नाही. लग्नाचा मुहूर्त सकाळचा असेल तर आदल्या दिवशीच पोचा.

विमान एटीआर आहे का तेही बघा, तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. दोन पंख्यांचं हे छोटं विमान ताशी पाचशेच्या आसपासच जातं. म्हणून एकाच मार्गावर एक विमान सव्वा तासाचं आणि दुसरं पावणेदोन तासांचं दिसलं तर छापण्याची चूक समजू नका.

आणि वारा. हिवाळ्यात उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. त्यामुळे मुंबईहून नागपूरला येताना विमान लवकर येतं, जाताना जरा रेंगाळतं. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरचा वारा उलटा, पूर्वेकडून वाहतो. फरक काही मिनिटांचाच, पण जाण्या-येण्याची वेळ सारखी का नाही, हा प्रश्न मला दरवेळी कोणीतरी विचारतंच.

५. तिकिटावरची वेळ वाचायला शिका

तिकिटावर सुटण्याची वेळ म्हणजे चाकं जमिनीवरून उचलण्याची वेळ नव्हे. विमान जागेवरून हलण्याची ती वेळ. पोचण्याची वेळ म्हणजे ते दुसरीकडे जागेवर येऊन थांबण्याची. या दोहोंमधल्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. हवेत पन्नास मिनिटं असलेलं विमान तिकिटावर सव्वा तासाचं दिसतं ते यामुळे. कंपन्या त्यात थोडा उशीरही धरून ठेवतात, म्हणून कधी कधी विमान "वीस मिनिटं लवकर" उतरतं आणि सगळे खूश होतात.

सुटण्याच्या वेळेला विमानतळावर पोचलात तर विमानाचं शेपूटही दिसायचं नाही. देशांतर्गत विमानाला सामानाचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, चढण्याचं दार २५ मिनिटं आधी. तुमच्या कंपनीची नेमकी वेळ तिकिटाखालच्या बारीक अक्षरांत असते, ती वाचा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक खास सापळा. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. शारजा नागपूरहून सुमारे २,४५० किलोमीटर, आणि तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. समजा तिकिटावर पहाटे ४ ला सुटून ६ ला पोचतं असं लिहिलंय, तर प्रवास दोन तासांचा नाही, साडेतीन तासांचा. येताना तोच प्रवास पाच तासांचा वाटेल. आमच्या शेजारच्या काकू "जाताना लवकर नेते, येताना उगाच फिरवते" म्हणून विमानावर चिडल्या होत्या.

६. घर ते घर वेळ मांडा

हा कागद मी प्रत्येकाला लिहून देते. आमचा पुण्याचा असा:

मानेवाड्याहून सोनेगाव, अर्धा तास.
सुटण्याच्या दोन तास आधी हजर, म्हणजे दोन तास.
विमान, एक तास वीस मिनिटं.
उतरून, बॅग घेऊन बाहेर, अर्धा तास.
लोहगाव ते कोथरूड, एक तास. (संध्याकाळी सातला असाल तर देवाचं नाव घ्या.)

बेरीज पाच तास वीस मिनिटं. पाऊण तासाच्या विमानाचे साडेपाच तास झाले! तरी ट्रॅव्हल्सच्या रात्रभराच्या प्रवासापेक्षा आणि वंदे भारतच्या बारा तासांपेक्षा कमीच, त्यामुळे वयस्कर माणसाला न्यायचं असेल तर मी विमानच सांगते.

हैदराबादचं गणित मात्र वेगळं बसतं. विमान तासाभराचं, पण घर ते घर तेही साडेचार-पाच तासांवर जातं, कारण तिथला विमानतळ शमशाबादला, गावाच्या बाहेर. नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत सात-साडेसात तासांत थेट गावात सोडते. माझं मत विचाराल तर तिकडे रेल्वेनेच जा. बंगळुरूला नोकरीवर रुजू व्हायला निघालेल्या पोरांनो, तुमचं ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत असेल तर विमानतळापासून ते पन्नास किलोमीटरच्या वर आहे. दोन तास वेगळे काढा.

नागपूर मेट्रोचं एक सांगायचं राहिलं. ऑरेंज लाइनवर "एअरपोर्ट" नावाचं स्टेशन आहे, पण ते वर्धा रोडवर. टर्मिनल स्टेशनाला चिकटून नाही. स्टेशनावर उतरून मे महिन्याच्या दुपारी, ४५ अंशांत, चाकाची बॅग ओढत निघालेली माणसं मी पाहिली आहेत. पुढे ऑटो करा. सामान जास्त असेल तर घरूनच ऑटो किंवा कॅब बरी.

७. वाटेत विमान बदलायचं असेल तर

थेट विमान नसलं की अंतर सांगणारी साइट काही कामाची नाही. नागपूर–चेन्नई सरळ ९०५ किलोमीटर, पण मुंबईवरून गेलात तर पश्चिमेला ६८५ आणि तिथून सुमारे १,०३० परत पूर्व-दक्षिणेला. म्हणजे १,७०० च्या वर, शिवाय मधला थांबा. अशा वेळी फक्त तिकिटावरचा एकूण काळ बघा.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये घ्या. पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. माझ्या आतेभावाचं असंच दुसरं तिकीट पूर्ण बुडालं, आणि बॅग घेऊन पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहावं लागलं ते वेगळंच.

८. कागदपत्रं आणि सामान

आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी एक फोटोचं ओळखपत्र. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षर-न्-अक्षर जुळवा. लग्नानंतर आधारवर एक आडनाव आणि तिकिटावर दुसरं, हा प्रकार मी दोनदा निस्तरला आहे. बोर्डिंग पास फोनवर चालतो, पण बाबांसारख्या माणसाच्या हातात कागद द्या, त्यांना धीर येतो.

हातातली बॅग साधारण ७ किलो, खाली जाणारी १५ किलो, पण तिकिटाप्रमाणे बदलतं. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, खालच्या बॅगेत टाकली तर बॅग परत मागवतात. संत्रा बर्फी खुशाल न्या. आईच्या हातचं लोणचं हातातल्या बॅगेत नको, तपासणीत ते ठेवून घेतात आणि मग पुण्यापर्यंत आईला काय सांगायचं हाच विचार डोक्यात राहतो.

९. उशीर झाला तर

ब्लॉक टाइम इथे पुन्हा उपयोगी पडतो. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या विमानाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल आणि तुम्ही वेळेवर हजर असाल, तर कंपनीने खाणं-पिणं द्यायचं असतं. वर दिलेली नागपूरची सगळी देशांतर्गत थेट विमानं यात येतात. उशीर सहा तासांच्या पार जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक मागता येतं. काउंटरवर आवाज चढवू नका, शांतपणे नियमाचं नाव घ्या.

१०. घ्यायला येणाऱ्याला काय सांगायचं

त्याला सुटण्याची वेळ सांगूच नका. विमानाचा नंबर द्या. अ‍ॅपवर गेल्या आठवड्यात तेच विमान रोज खरंच किती वाजता उतरलं ते दिसतं, त्यावरून तुम्हालाही अंदाज येतो. पोचण्याच्या छापील वेळेत अर्धा तास मिळवून ती वेळ सांगा.

भाऊ आता मला काही विचारतच नाही. मागच्या दिवाळीला आम्ही निघालो तेव्हा तो घरी चहा पीत फोनवर विमान बघत बसला होता. विमान बीडच्या पुढे सरकलं तेव्हा त्याने चपला घातल्या.